हाइड पार्क ते ब्रायटन

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं, सूर्योदयाच्या सुमारास, लंडनच्या हाइड पार्कांतून शेंकडों जुन्या मोटारी निघतात व सुमारें 60 मैलांवरील ब्रायटनचा समुद्रकिनारा गांठूं पाहतात. 1905 पूर्वीं घडविलेल्या गाडीसच येथें प्रवेश. आरंभीं एक तांबडें निशाण फाडतात. कारण यांत्रिक गाडीपुढें निशाणधारी माणसानें चालावें व वेग ताशीं 4 मैलांपलीकडे जाऊं नये, असा 1865 च्या कायद्याचा दंडक होता! 1896 सालीं तो जाच सुटला; त्या आनंदांत 14 नोव्हेंबरला ब्रायटनची पहिली स्वारी निघाली.

हा इतिहास आम्हीं नातवास आदल्या रात्रीं सांगितला, तेव्हां त्यानें जांभई दिली. सकाळीं मात्र एका वृद्ध गृहस्थानें हँडल मारून आपल्या फ्रेंच गाडीचें एका सिलिंडरचें एंजिन जागें केलें आणि भोंपू नातवाच्या हातीं दिला. मग स्वारी तेथून हालेना. गाड्यांचे धनी बहुतेक आमच्याच वयाचे दिसले. उद्यां या गाड्या कोण हांकणार? वस्तुसंग्रहालयांत दोरीपलीकडे ठेवलेली गाडी पोरांस निर्जीव वाटते. "हात लावूं नये" अशी पाटी टांगणारे वडीलच पुढें, पोरांना गोडी नाहीं, म्हणून कुरकुरतात. (आपल्या घरांतील गवसणींतल्या सतारींचीहि तीच कथा!) येथें गाडी थरथरते, धूर ओकते, चढावर धापा टाकते, मग आंतल्या मुलांना उतरून ती ढकलावी लागते. सर्वच गाड्या ब्रायटनास पोंचत नाहींत. वाटेंत बंद पडलेल्या गाडीभोंवतीं मात्र पोरांची दाटी सर्वांत अधिक.