मध्यमंदिरा

राजा भोजाच्या नांवावर मोडणाऱ्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथांतील नौकांचें प्रकरण आम्हीं तरुणपणीं केवळ शब्दांच्या हौसेनें वाचलें होतें. नौकेवरील खोलीच्या स्थानावरून त्यांत तीन जाती केल्या आहेत. सर्वमंदिरा राजाचा खजिना, घोडे व स्त्रिया नेण्यासाठीं; मध्यमंदिरा विलासयात्रेसाठीं व पावसाळ्यासाठीं; अग्रमंदिरा दूरच्या प्रवासासाठीं व युद्धासाठीं. चार डोलकाठ्या असल्यास रंग पांढरा, तीन असल्यास तांबडा. नौकेच्या तोंडाशीं सिंह, हत्ती, फार काय बेडूकही चालतो!

हें प्रकरण या वयांत पुन्हा उघडण्याची वेळ आमच्या नातवानें आणली. त्यास नौकाशिल्प शिकावयाचें आहे, आणि तेंही धनिकांच्या विलासनौकांचें. आमच्या कांजूरमार्गास पूर्वेकडे मिठागरें व खाडीचा चिखल. असल्या नौका त्यास भेटल्या त्या चित्रांतच. 2013 सालीं जर्मनींत बांधलेली 'अझ्झाम' 180 मीटर लांब आहे, हें तो जेवतांना सांगतो. या नौका उन्हाळा भूमध्य समुद्रांत काढतात व हिंवाळ्यांत कॅरिबियन बेटांकडे वळतात, हेंही त्याच्याकडूनच कळलें. चिरंजीव संतापले. चार कुबेरांच्या चैनीपायीं शिकलेल्या मुलानें जन्म घालवावा काय, हा त्यांचा प्रश्न. तो अगदींच पोकळ आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु गोव्याचें एक उदाहरण आमच्या मनांतून जात नाहीं. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' ही सुमारें 17 मीटरांची शिडाची नौका तयार झाली व 2009 सालीं नौदलांत आली. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाड यांचा, मुळांत हौशी दर्यावर्द्यांसाठीं काढलेला. अंग लाकडी पट्ट्यांचें, वर कांचतंतूंचें आवरण. म्हणजे जात मध्यमंदिरेचीच! त्याच नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं 2009–10 मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. पुढें 2012–13 मध्यें अभिलाष टॉमी कोठेंही न थांबतां फिरून आले. मागाहून त्याच कारखान्यांत 'तारिणी' झाली, आणि 2017–18 मध्यें वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा नौदल-अधिकारी स्त्रिया केप हॉर्नला वळसा घालून परतल्या. ज्या घरांत समुद्रोल्लंघनाचें प्रायश्चित्त घेतलेले पूर्वज आहेत, त्या घरांतील सुनांनीं ही वार्ता दोनदां वाचून घेतली.

विलासनौका कितीही श्रीमंताची असो, ठराविक वर्षांनीं तिला पाण्याबाहेर काढून तळ खरवडावा लागतो, यंत्रें उघडावीं लागतात, सागवानी तक्तपोशी बदलावी लागते. हें काम सुताराचें, रंगाऱ्याचें, तारा जोडणाऱ्याचें. त्यांत चैन कोठें आली?

आम्हीं संमति दिली, पण एका अटीवर. जून-जुलैंत मासेमारी बंद असते व कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ते दोन महिने त्यानें एखाद्या कोळीवाड्यांत होड्यांच्या डागडुजीस हात लावावा, मग अर्ज करावा. नातू कबूल झाला आहे. चिरंजीव अद्याप बोलत नाहींत. तूर्त सूनबाईंनीं त्याच्यासाठीं गमबूट आणून ठेवले आहेत.