काय म्हणते पाऊसपाणी?

आमच्या ढाणकीत दोन माणसं भेटली की 'कसे आहात' असं कुणी विचारत नाही. 'काय म्हणते पाऊसपाणी?' असं विचारतात. अगदी जानेवारीत सुद्धा! लहानपणी मला वाटायचं की हे 'गुड मॉर्निंग'चंच मराठी भाषांतर असणार. त्यात मी पडले कॉन्व्हेंटची. आमच्याकडे इंग्रजी शाळेला सरसकट कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथे एकही नन नसली तरी चालतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात ही सुरुवातीलाच विनंती.

तर सांगायचंय ते क्रूझबद्दल. हो, क्रूझ! हॉस्टेलवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नव्हता. माझी रूममेट म्हणाली, "कुठे गं, पैनगंगेत?"

झालं असं की २०२३ च्या जूनमध्ये, माझी बारावी आणि सीईटी दोन्ही आटोपल्यावर, इंग्लंडमधल्या मामाने आजीला बोलावून घेतलं. आजी पुसदची, वय पंच्याहत्तर, विमानात एकटी बसणं शक्य नाही. मग सोबतीला कोण? रिकामी असलेली मी! मामाने उत्साहाच्या भरात साउथॅम्प्टनहून नॉर्वेला जाणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग सुद्धा करून टाकलं. एका सहलीसाठी दोन व्हिसे काढावे लागले, एक इंग्लंडचा आणि एक शेंगेनचा. खर्च सगळा मामाचा. त्याने मामीला हळूच सांगितलेला तिकिटाचा आकडा मी ऐकला आणि मनातल्या मनात त्याचे कापसाचे क्विंटल केले. ही सवय काही जात नाही.

निघताना घरी काय परिस्थिती होती ते सांगते. आमची नऊ एकर कोरडवाहू. त्या वर्षी मृग कोरडाच चालला होता. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ फिरत होतं आणि मान्सून कोकणातच अडकून पडला होता. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बाबांनाही ते पाठ आहे. पण एक सर आली, शेजाऱ्याने सरकी लावली, आणि बाबांनीही चार एकरात लावून टाकली. बियाण्याची एक बॅग ८५३ रुपयांची. त्यानंतर आकाश जे कोरडं झालं ते झालंच. मला नांदेड स्टेशनवर सोडायला आले तेव्हा बाबा सगळा वेळ ढगांकडे बघत होते. मला म्हणाले, "जा, मजा कर. इकडचं टेन्शन घेऊ नको."

जहाजाचं वर्णन करत बसत नाही. लिफ्ट, स्विमिंग पूल, चोवीस तास खाणं. आपल्या मेसच्या काकूंची माफी मागून सांगते, आठ दिवसांत मी वरण-भाताशिवाय सगळं खाल्लं. बंदर आलं की सगळे कार्ड स्कॅन करून खाली उतरतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत चढतात. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आपली एस.टी. निदान हात दाखवल्यावर कधीकधी तरी थांबते!

पहिलं बंदर स्टॅव्हँगर. उतरलो तर पाऊस. जुन्या गावातली पांढऱ्या लाकडी घरांची गल्ली छत्रीच्या काडीआडून पाहिली. तिथलं पेट्रोलियम म्युझियम मात्र मला मनापासून आवडलं. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेल सापडलं आणि मासे डबाबंद करणाऱ्या या गावाचं नशीबच पालटलं. मेकॅनिकलवाल्यांनी जन्मात एकदा तरी बघावं असं आहे ते. आजी एका बाकावर बसून राहिली. तिचं एकच म्हणणं होतं, "येवढा पैसा जमिनीखालून निंघते, अन् आपल्या जमिनीखालून पानी बी निंघत नाही."

दुसऱ्या ठिकाणी, ओल्डनला, पुन्हा पाऊस. तिथून बसने ब्रिक्सडाल हिमनदी पाहायला नेतात. युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी हिमनदी आहे योस्टेडाल, तिचा हा एक फाटा. ती पूर्वी खालच्या तळ्यापर्यंत उतरायची, आता वितळत वितळत पार वर कड्यावर जाऊन बसली आहे. आम्हाला ढगातून निळसर काहीतरी दिसलं, ते बर्फ होतं असं मामा म्हणाला. मामाचा चेहरा पडला होता. बसमधले सगळेच कुरकुरत होते. पावसाने सुट्टीचा सत्यानाश केला, पैसे वाया गेले, वगैरे. एक बाई तर इतक्या हळहळल्या की मला वाटलं यांचीही पेरणी उलटली की काय!

पण त्या दरीतली शेतं मला अजून आठवतात. नुसतं गवत. हिवाळ्यात गुरांना घालायला ते कापून ठेवतात. आणि कापलेल्या गवतावर पाऊस पडला की ते सडतं. म्हणून पूर्वी तिथले लोक शेतात खांब रोवून, त्यांना तारा बांधून, कपडे वाळत घालावे तसं गवत तारांवर वाळत घालायचे. आता यंत्राने गोल गठ्ठे करून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. शेताच्या कडेला ते गठ्ठे ओळीने पडलेले असतात. त्यांना तिथे गमतीने ट्रॅक्टरची अंडी म्हणतात. हे सगळं मी आजीला समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे यायलेबी ताडपत्री लागतेच." दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची गंजी लावलेली असते आणि रात्री वीज चमकते, तेव्हा ताडपत्री घेऊन पळणारी माणसं तिने आयुष्यभर पाहिली आहेत. त्या सबंध बसमध्ये त्या गवताची काळजी बहुतेक एकट्या आजीलाच वाटली.

आणि मग बर्गन. हे गाव पावसासाठीच प्रसिद्ध आहे. अटलांटिकवरून येणारा ओला वारा थेट डोंगरांना धडकतो आणि गावावर रिता होतो. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. आमच्या जिल्ह्याची सरासरी साधारण नऊशे. खरं तर आपलं महाबळेश्वर बर्गनला सहज दुपटीने हरवेल, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथला वर्षभर पुरवून पुरवून पडतो. आजीने नऊवारीवर मामीचा लाल रेनकोट चढवला होता आणि तिच्या मते हा पाऊस "कामधंदा नसल्यासारखा पडून राह्यला" होता.

धक्क्यालगत ब्रिगेन नावाची जुनी लाकडी वखार आहे. एकमेकींना टेकून उभी असलेली, थोडी तिरकी झालेली रंगीत घरं. १७०२ च्या आगीत ती जळाली, पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधली, आणि १९७९ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. शेकडो वर्षं जर्मन व्यापारी इथे राहायचे. उत्तरेकडून येणारी सुकवलेली मासळी घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे, कारण या देशात धान्य पुरेसं पिकतच नव्हतं. आगीच्या भीतीने त्या घरांमध्ये चूल किंवा शेकोटी पेटवायला बंदी होती. शिकाऊ पोरं त्या थंडीत, ओल्या कपड्यांत तशीच झोपायची. हॉस्टेलच्या गीझरबद्दल तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

डोंगरावर जायला फ्लोयबानेन नावाची दोरखंडाची रेल्वे आहे, १९१८ ची. दोन डबे एकाच केबलच्या दोन टोकांना. एक खाली येतो त्याच्या वजनाने दुसऱ्याला वर चढायला मदत होते, मध्यावर दोघं एकमेकांना ओलांडतात. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये पुली आली तेव्हा मला पुस्तकातली आकृती नाही, तो डबाच दिसत होता. वर ३२० मीटरवर पोचलो तर समोर पांढरा पडदा. गाव नाही, समुद्र नाही, काहीच नाही! मामाने तरी सगळ्यांचा फोटो काढला.

खाली आलो आणि बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होत आली होती. बाबा धुऱ्यावर उभे होते, मागे उघडं काळं रान. मी पटकन एका दुकानाच्या वळचणीखाली शिरले.

"काय म्हणते पाऊसपानी?" बाबांनी सवयीने विचारलं.

मी टोपी मागे सारली. कॅमेरा घराच्या भिंतीकडे वळवला. म्हणाले, "काही विशेष नाही बाबा. ढगाळ आहे."

का खोटं बोलले ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. पाऊस काही मी आणला नव्हता. पण अंगावरून पाणी ठिबकत असताना त्या उघड्या रानासमोर तो शब्द उच्चारायचीच लाज वाटली. सरकी उगवली का, हे विचारायचं धाडसही झालं नाही. तेवढ्यात आजीने फोन ओढून घेतला. "काय सांगू बापू, रातंदिस गळून राह्यलं इथं! नुसता वैताग!" झालं!! मी खोटं बोलले ते बाबांना कळलं. दोन सेकंद ते गप्प झाले आणि मग मोठ्याने हसले. "मंग थोडं इकडं लोटा ना त्याले," म्हणाले. माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

विदर्भात मान्सून त्या वर्षी २३ जूनला पोचला. आमची चार एकर सरकी तोवर जमिनीतच गेली होती. मी परत आले तेव्हा दुबार पेरणी झाली होती, नव्या बॅगा उधारीवर. मी बाबांना एक एक करून फोटो दाखवले. बर्गनच्या फोटोवर ते थांबले. मला वाटलं, रंगीत घरं आवडली. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, घरं बाजूला सारली आणि रस्त्याची कड बघत म्हणाले, "येवढा पाऊस, अन् पानी कुठं साचलं नाही. नाल्या चांगल्या हायेत यायच्या."

तीनच आठवड्यांनी, २२ जुलैला, आमच्या जिल्ह्यात एवढा पाऊस झाला की शेजारच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला एरवी पावसाळ्यात गाड्या भरभरून लोक येतात. त्या दिवसांत पैनगंगेच्या जवळ जायची कुणाची छाती नव्हती. आमची नाल्याकाठची दोन एकर, दुसऱ्यांदा लावलेली, खरडून गेली. बाकीची वाचली.

मामीने परत येताना तो लाल रेनकोट आजीला देऊन टाकला होता. आजीने तो बाबांना दिला. पूर ओसरल्यावर बाबा तोच घालून नाल्याकडे गेले, बांध कुठे फुटला ते बघायला. मी ओसरीवर उभी होते. पाऊस चालूच होता, आणि दूरवर चिखलातून जाणारा तो लाल ठिपका मला बराच वेळ दिसत होता.