चिठ्ठीवरचे सहा आठवडे

आमच्या परभणी जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर अर्ध्या चेहऱ्यावर ओढून घेतात. ऊन आणि धूळ दोन्हींपासून तेवढाच बचाव. त्यामुळे जिंतूर तालुक्यातील एक मावशी दवाखान्यात येऊन बसल्यावरही पदर गालाशी धरून होत्या, याचे मला नवल वाटले नाही. वय साठीच्या पुढे, रक्तातील साखर किंचित वाढलेली, तक्रार गुडघ्यांची. रक्तदाब मोजण्यासाठी हात पुढे करावा लागला आणि पदर सुटला.

दोन्ही गाल लालबुंद, त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिच्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते. हनुवटीवर लव वाढलेली. आणि या सगळ्याच्या मधोमध काळसर तपकिरी वांग, अगदी गडद.

“मावशी, तोंडाला काय लावता?”

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात जपून ठेवलेली चिठ्ठी काढली. “तुमचीच चिठ्ठी हाय, डॉक्टरसाहेब. ट्यूब संपली की दुकानात दाखवायची, नवी मिळती.”

अक्षर माझेच होते. चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची. ‘रात्री एकदा, सहा आठवडे’ असे मी त्यावर इंग्रजीत लिहिले होते. ज्या बाईला मराठीही वाचता येत नाही, तिच्यासाठी.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधे असतात. हायड्रोक्विनोन हे रंगद्रव्य तयार होण्यास अटकाव करते, ट्रेटिनॉइन त्वचेचा वरचा थर लवकर बदलते आणि तिसरे मोमेटासोन हे स्टेरॉइड दाह कमी करते. या तिहेरी मिश्रणाची कल्पना क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडली. औषध वाईट नाही. काही आठवडे, देखरेखीखाली वापरले तर वांग खरोखर फिका पडतो. पण स्टेरॉइड महिनोन्‌महिने चेहऱ्यावर राहिले की त्वचा विरळ होते, आणि ते थांबवताच आग होते, चेहरा लाल होतो, डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततो. मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतो. मावशींचे हेच झाले होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातले. मावशींकडे तर चिठ्ठी होती. माझी.

पुन्हा दाखवायला केव्हा यायचे, हे मी त्या वेळी सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर, या वयात चेहऱ्याची एवढी काळजी कशाला, असा एक विचार त्या दिवशी माझ्या मनात येऊन गेला होता आणि म्हणूनच मी घाईने लिहून मोकळा झालो होतो. त्यांनी मात्र लग्नकार्यात जाणे सोडले होते. ते आता कळले.

ट्यूब मी एका झटक्यात बंद केली नाही. तसे केले तर चेहरा पेटल्यासारखा होतो. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे स्टेरॉइड हळूहळू उतरवले, साधे मलम लावायला दिले आणि उन्हापासून संरक्षण सांगितले. वांग उन्हाने वाढतो, पण केवळ अतिनील किरणांनी नव्हे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. म्हणून लोहाचा ऑक्साइड असलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन अशा चेहऱ्याला अधिक उपयोगी पडते. ते परवडत नसेल तर रुंद काठाची टोपी किंवा पदर, आणि दुपारी बारा ते चार सावली. आमच्याकडच्या मे महिन्यात हे सांगणे सोपे, पाळणे अवघड.

जायफळ दुधात उगाळून लावण्याची चाल घरोघरी आहे. कोरड्या, वयस्कर त्वचेला ते झोंबते, आणि झोंबलेली जागा आपल्या वर्णाच्या माणसांत काळीच होते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे तर त्याहून वाईट. गोरे करणाऱ्या अनोळखी क्रीमांविषयी मात्र मी कडक बोलतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीममधील पाऱ्यामुळे बिघडली होती. त्याचा शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांच्या तपासात लागला.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांनी जरूर पाहावे. आजोबांच्या कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला करडी छटा उतरत असेल तर आधी केसांचा कलप आठवा. आजींच्या कपाळावर नेमकी कुंकवाच्या जागी काळसर खूण उरली असेल तर त्या कुंकवातील रंग हे कारण असू शकते. मान आणि गाल जाडसर, मखमलीसारखे काळे पडत असतील तर साखर तपासावी. बोटांच्या पेरांवर काळेपणा आणि सोबत थकवा असेल तर बी-१२ पाहावे. आणि उतारवयात एखादा डाग नव्याने उगवला, वाढू लागला, त्याची कड मोत्यासारखी चकाकू लागली किंवा त्यातून रक्त आले, तर मलम लावत बसू नये. तो तज्ज्ञांना दाखवावा.

वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्याही हल्ली दिल्या जातात. मूळचे हे रक्तस्राव थांबवणारे औषध. ज्यांना पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, त्यांनी ते घेऊ नये. शेजारणीला गुण आला म्हणून तर नाहीच.

सहा महिन्यांनी मावशी पुन्हा आल्या. लाली बरीच उतरली होती, वांग होता तसाच. पण पदर खांद्यावर होता. आता मी चिठ्ठी मराठीत लिहितो, मोठ्या अक्षरात, बंद करण्याच्या तारखेसह, आणि सोबत आलेल्याकडून वाचून घेतो. या वेळी सोबत सून होती. तिने चिठ्ठी नीट वाचली आणि मग दबक्या आवाजात म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आत्याबाईंची ती जुनी ट्यूब मला चालंल का? माझ्याबी गालावर थोडं आलंय.”

मावशींनी काही न बोलता तिच्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली, आत हात घातला, आणि अर्धी पिळलेली ती ट्यूब माझ्या टेबलावर ठेवली.