माऊली, दिवा जरा खाली!

हेडलॅम्प ही मुळात खाणकामगारांची वस्तू. दोन्ही हात कामात, म्हणून दिवा कपाळावर. तिथून ती ट्रेकर मंडळींकडे आली आणि ऑनलाइन स्वस्तात मिळायला लागल्यापासून थेट आषाढी वारीत पोचली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये मी आजीच्या दिंडीबरोबर लोणंद ते पंढरपूर चालले, तेव्हा आमच्यातच पाच-सहा कपाळं पहाटे चमकत असायची. त्यातलं एक माझं! (मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या मराठीला संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

आधी चंद्राबद्दल सांगते. ‘वद्य’ आणि ‘शुद्ध’ यातला फरक मला विसाव्या वर्षी कळला, तोही वर बघून. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस पहाटे थोडातरी उजेड असतो. अमावास्या झाली की उलटं. चंद्र संध्याकाळीच दिसतो आणि आपण उठायच्या आत मावळून जातो. म्हणजे लोणंद-फलटणपासून पुढे पहाटे तीनला वर चंद्र नाहीच, वर आषाढाचे ढग. आणि दिंडीचा दिवस तर तीनलाच सुरू होतो! आंघोळी, चहा, तंबू उतरवणं, ट्रक भरणं, सगळं अंधारात.

आता थोडं फिजिक्स, पण व्हायवा घेत नाहीये, घाबरू नका. एक मेणबत्ती सगळ्या दिशांना मिळून साधारण साडेबारा ल्यूमेन उजेड देते. तीनशे ल्यूमेनचा हेडलॅम्प म्हणजे चोवीस मेणबत्त्या, आणि त्याही सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. तंबूत वीस माणसं अंगाला अंग लावून झोपलेली असतात. आपल्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती मोडायला एक झोत पुरतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत तर उजेड नुसता पसरतो, झोत गेल्यावरही बराच वेळ समोरचं काही दिसत नाही. आमच्या तंबूतल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या होत्या. उठून बाहेर जायचं, तंबूच्या दोऱ्या ओलांडायच्या, खाली चिखल. त्या दोरीत पाय अडकला तर वारी तिथेच संपते.

हातातल्या बॅटरीचं बरं असतं. ती आपण मुद्दाम कुठेतरी धरतो. हेडलॅम्प मात्र आपण बघू तिकडे बघतो. कोणी हाक मारली की आपण वळून त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, म्हणजे नेमका डोळ्यांत झोत. हाक मारणारा बिचारा आडवा हात धरून उभा! मला हे आजीने लोणंदच्या पहिल्याच रात्री बजावलं होतं, "हे बघ, तंबूत हे कपाळाला लावायचं नाही. आणि टँकरकडं तर मुळीच न्यायचं नाही."

टँकरकडे का नाही, ते मला माळशिरसच्या मुक्कामात समजलं.

हल्ली वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं असतात, त्याने खूप फरक पडला असं आजीही सांगते. पण आंघोळ अजून टँकरच्या नळाखाली, उघड्यावरच. पुरुषांचं काय, ते कुठेही उभे राहतात. बायकांनी उजाडायच्या आत उरकायचं. दोघी साडीचा आडोसा धरतात, तो एका बाजूचाच असतो. बाकीच्या तीन बाजूंना अंधाराच्या भिंती असतात. त्या दिवशी दहा-बारा जणी तिथे होत्या, मी आडोसा धरणाऱ्यांत होते. तेवढ्यात आमच्याच वयाचा एक मुलगा तोंडात ब्रश धरून नळ शोधत आला. दिवा फुल्ल! त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तो फक्त नळ शोधत होता. पण नळ शोधायला मान फिरते, आणि मान फिरली की...

कुणी ओरडलं नाही. सगळ्या एकदम पाठमोऱ्या होऊन खाली बसल्या, इतक्या सराईतपणे, की मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. ओल्या लुगड्यातल्या एक आजी पाठ न वळवता म्हणाल्या, "माऊली, दिवा विझवा की."

वारीत रागावतानासुद्धा ‘माऊली’च म्हणतात!

त्याने घाईघाईने बटण दाबलं, तर दिवा फ्लॅशिंग मोडवर गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा फुल्ल. एकाच बटणावर चार मोड आणि सुरुवात सगळ्यात प्रखर मोडने, हे डिझाइन करणाऱ्याला पहाटे तीनला त्या टँकरपाशी उभं करायला हवं. शेवटी त्याने पट्टाच ओढून काढला, दिवा मुठीत गच्च दाबला आणि पाठ करून चालायला लागला. बोटांमधून लाल उजेड दिसत होता, तेवढाच.

त्या लाल रंगातही उपाय आहे. अंधारात पाहणाऱ्या आपल्या नेत्रपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून बऱ्याच हेडलॅम्पमध्ये लाल मोड असतो. नसेल तर काचेवर लाल जिलेटीन पेपर रबरबँडने लावा, आपल्या गॅदरिंगच्या स्टेजवर लावतो तोच. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. लाल उजेडात लाल शाई दिसत नाही! एका काकूंनी पिशवीवर लाल मार्करने नाव लिहिलं होतं, लाल दिव्याखाली पिशवी कोरी करकरीत. काकू म्हणे, "नाव पुसलं कुणी?"

रस्त्यावर लाल उजेड कमी पडतो, खड्डे कळत नाहीत. तिथे पांढराच लावावा, पण मंद, आणि कपाळावर नाही तर गळ्यात. दिवा डोळ्यांच्या रेषेतच असला की दगडाची सावली दगडामागेच लपते आणि रस्ता सपाट वाटतो. तोच दिवा छातीपाशी किंवा कमरेला असला की सावल्या लांब पडतात, दगड उठून दिसतो. शिवाय पावसाळ्यातले किडे तोंडावर येत नाहीत, हा बोनस. मागून येणाऱ्या ट्रकला मात्र आपला पुढचा दिवा दिसतच नाही. त्यासाठी पाठीवरच्या सॅकला चमकणारी पट्टी लावावी. मी सायकलवाल्याकडून आणलेली पट्टी कापून आमच्या दिंडीतल्या सात-आठ जणींच्या पिशव्यांना चिकटवली. वेळापूरपर्यंत आणखी मागणी आली, पण पट्टी संपली होती.

आजीला दिव्याची गरज अशी पडलीच नाही. ती रात्रीच पिशवी भरून ठेवते. वरच्या कप्प्यात टॉवेल, त्याखाली लुगडं, पिशवीच्या बंदाला सुतळीची गाठ, आणि चपलांची जोडी नाडीने बांधून उशाशी. सगळं हाताने चाचपून सापडतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा ती बाळगत नाही, पहाटे त्यांचा आवाज सगळ्या तंबूला उठवतो म्हणून. (रात्री दोनला वेफर्सचं पाकीट फोडणाऱ्या माझ्या रूम पार्टनरने हे वाक्य दोनदा वाचावं.) माझ्या दिव्याची किंमत तिने वाखरीला विचारली. सांगितल्यावर म्हणाली, "एवढ्यात एक लुगडं आलं असतं." मग थोड्या वेळाने, "पण तो लाल कागद मला दे. घरी रात्री औषधाची गोळी शोधायला तुझ्या आजोबांना उठवावं लागणार नाही."

जिलेटीन पेपर कॉलेजच्या गेटसमोरच्या स्टेशनरीत मिळतो. माझ्याकडे अजून अर्धा ताव शिल्लक आहे. लेडीज हॉस्टेलमध्ये कुणाला हवा असेल तर घेऊन जा.