कळमनुरीतला ‘ळ’

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यात निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली, तेव्हा चुलतभावासोबत मीही आमच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. आजोबा, वडील आणि मी, तिघंही इथलेच विद्यार्थी. मुख्याध्यापकांनी कपाटातून लाल कापडात बांधलेलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. आम्ही दोघं पदवीधर, पण त्या पानांपुढे निरक्षर. सगळं उर्दूत होतं.

शेवटी गावातल्या निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावलं. ओळीवर बोट ठेवत त्यांनी वाचलं : आजोबांचं नाव, दाखला १३४७ फसली, म्हणजे इसवी सन १९३७-३८, तालुका कलमनुरी.

“कळमनुरी,” मी म्हणालो.

ते हसले. “उर्दूत ळ नाही, बेटा. लिहिणारा काय करणार?”

आजोबा सांगायचे, खालच्या वर्गांत मराठी चालायची, पण वर जाल तसं सगळं उर्दूत. गणित डोक्यात यायचं, तोंडातून निघायचं नाही. त्यांनी लवकरच शाळा सोडली. निजामाच्या पिवळ्या झेंड्यावर मधोमध गोल कुलचा असायचा. आजोबा त्याला ‘भाकरीचा झेंडा’ म्हणायचे. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि तो झेंडा उतरला. १ मे १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शाळेच्या पाटीवरचा जिल्हाही बदलला. आता भिंतीवर पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं आहेत आणि खाली ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’.

आजोबांच्या तोंडून ऐकल्यामुळे उर्दूचा मला राग होता. पुढे वाचनात आलं की १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेव्हा इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण देणं हे मोठं धाडस होतं. फक्त ती देशी भाषा संस्थानातल्या बहुसंख्य तेलुगू, मराठी, कानडी घरांची नव्हती. दक्षिण आफ्रिकेतही तेच झालं. इंग्रजीच्या वरवंट्याखालून वर आलेल्या आफ्रिकान्सला १९२५ साली राजभाषेचा मान मिळाला. पुढे तीच भाषा काळ्या मुलांच्या शाळांवर लादली गेली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली मुलं रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आपली म्हणून जपलेली भाषा दुसऱ्याच्या पोरावर कधी बसते, ते आपल्याला कळतही नाही.

हे मनात घोळत असताना पहिलीतला एक मुलगा आठवला. तो तांड्यावरून यायचा, घरी गोरमाटी बोलायचा. गुरुजींनी विचारलं, “काय खाऊन आलास?” तो म्हणाला, “बाटी.” भाकरीला बाटी म्हणतो म्हणून सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर तो वर्गात फारसा बोललाच नाही. चौथीनंतर दिसलाही नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही याच मैदानात मराठीतून शिकायचं स्वातंत्र्य मिळाल्याची भाषणं ठोकायचो. तोही रांगेत उभा असायचा.

निघताना मी मुख्याध्यापकांना माझ्या वर्षाचं रजिस्टर मागितलं. ते मराठीत होतं, वाचून दाखवायला कुणी लागलं नाही. माझ्या नावाखाली दोन ओळी सोडून त्याचं नाव होतं, गुरुजींनी दाखल करताना ठेवलेलं, चांगलं मराठी नाव. तांड्यावर त्याला काय म्हणायचे, ते मी कधी विचारलंच नव्हतं.