तिसरा चौरस

पुण्यात तीन वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी केली. तिथे प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बरोबर असतो. गेल्या वर्षी दिवाळीला मी आसगावला परत आले, तेव्हा ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाला माझ्याकडे एकही पर्याय नव्हता.

त्याच हंगामात बाबांनी अर्ध्या बांधीत धानाचं नवीन वाण लावलं होतं. ते पोचट निघालं. “दगा कोनं देला? बियान्यानं का बांधीनं?” बाबा सारखे विचारायचे. बांधीची एक बाजू खोलगट, पाणी तिथेच साचतं. नवीन वाण नेमकं त्याच बाजूला. मग दोष कुणाचा, हे कळणार कसं?

मला बी.एस्सी.तला लॅटिन चौरस आठवला. वहीत १६ घरं आखली. चार वाण, प्रत्येक आडव्या ओळीत एकदाच आणि प्रत्येक उभ्या ओळीतही एकदाच. म्हणजे खोलगट बाजू सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. शेतीच्या प्रयोगांत ही रीत वापरतात.

“आन् खत?” बाबांनी विचारलं.

खताच्या चार मात्रांचा दुसरा चौरस पहिल्यावर असा बसवला, की प्रत्येक वाणाची प्रत्येक मात्रेशी एकदाच गाठ पडावी. चारला हे जमतं. सहाला जमत नाही. १७८२ मध्ये ऑयलरने अंदाज केला, की १०, १४, १८, २२ यांनाही जमणार नाही. पावणेदोनशे वर्षं तो अंदाज टिकला. १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि नागपूरला शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी २२ ची जोडी बांधून दाखवली, पार्करने १० ची. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं, की दोन आणि सहा सोडले तर ऑयलरचा अंदाज सगळीकडे चुकला. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर ही बातमी दिली.

“नागपूरचा मानूस?” बाबा खूश झाले. मग थांबून म्हणाले, “दहाचे दोन जमतात. मंग तिसरा? तिघंही एकमेकांसंग जमले पायजे.”

“माहीत नाही.”

“तुले माहीत नाही, का कोनालेच?”

“कोणालाच नाही. कॉम्प्युटर लावूनही सापडला नाही. नसतोच, असंही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.”

हे बोलताना लक्षात आलं, की तीन वर्षांत ‘माहीत नाही’ म्हणताना माझी मान पहिल्यांदाच खाली गेली नव्हती. वाटलं, या प्रश्नापाशी आपल्याला बसायचं आहे. एम.एस्सी.चा फॉर्म भरायचं त्याच रात्री ठरवलं. प्रवेश मिळेल का, पुढे नोकरीचं काय, ठाऊक नाही. बाबांना तेवढंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

यंदा मृग लागल्यावर बाबांनी चार वाणांचे पऱ्हे वेगवेगळे टाकले. रोवणीच्या आदल्या दिवशी दोरी आणि खुंट्या घेऊन धुऱ्यावर उभे राहिले आणि मला हाक मारली, “वही आन वं. कोनतं घर कोनाचं, सांग.”