चार बोटं वरून

आषाढातली भुरभुर. धड पाऊस नाही, धड उघाड नाही. मी न् पुतण्या भोकरदनहून केळणा नदीच्या कडंनं पायी निघालो. काळी माती अशी, की चपलेला धरली का सोडायचं नाव नाही. शेवटी चपला हातात घेतल्या. वीतभर कपाशीत बाया डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वाकलेल्या. त्यांना कुठली आलीय पावसाळी सहल!

पोराला भोकरदनची गोष्ट सांगत होतो. हेच जुनं भोगवर्धन. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. हस्तिदंताची एक बाईची मूर्ती निघाली, इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती. आणि दोस्तहो, सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. दगडात त्यांचं नाव न् गाव कोरलेलं आहे. इथून सांची किती लांब! पुस्तकं हे दोन ओळींत उरकतात.

दुपारी फाट्यावरच्या पत्र्याच्या हॉटेलात शिरलो. भजी, पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. भिजलेल्या अंगाला असं गरम अन्न म्हंजे काय सांगावं! असल्याच एका हॉटेलात माझा बाप चहा प्यायचा. बाहेर कुडाच्या फटीत कान तुटलेला कप खोचलेला असायचा. पिऊन स्वतः विसळायचा, परत खोचायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच. 1955 चा कायदा होऊन कैक वर्षं झाली होती. कपाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता सगळ्यांना सारखेच स्टीलचे गिलास. मालक बोलका. "कुन्या गावचे पाव्हनं?" गाव सांगितलं. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. "अडनाव काय म्हनले?" पोरानं अडनाव सांगितलं, वर "जय भीम, काका" म्हणाला.

मालक हसलाच. वाईट काही बोलला नाही. पण पहिली भाकरी त्यानं ताटात ठेवली होती, दुसरी वरून सोडली. चार बोटं वरून.

1976 साली त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण असं नवं नाव मिळालं. 1989 साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. ही चार बोटं कोणत्या फौजदाराला मोजून दाखवायची? पंचनाम्यात काय लिहिणार, भाकरी पडली?

माझा घास तोंडातच फिरायला लागला. उठावं वाटलं. पोरगा उठला नाही. पडलेली भाकरी उचलून त्यानं मालकापुढं धरली.

"काका, नीट ठेवा."

आवाज चढवला नाही. शेजारच्या बाकड्यावरचे दोघं खायचे थांबले. मालकानं त्यांच्याकडं पाहिलं, मग पोराकडं. भाकरी घेतली आणि ताटात ठेवली.

पैसे देताना त्यानं सुट्टे गल्ल्याच्या फळीवर सरकवले. पोरानं ते उचलले नाहीत, नुसता तळहात पुढं केला. मागं गिऱ्हाइकं खोळंबली. पोराचा हात तसाच. शेवटी मालकानं एक एक नाणं उचललं आणि त्या हातावर मोजलं.